‘कोरडी’ वाइन : एका जर्मन विशेषणाचा अर्थविचार

१. प्रास्ताविक

एखाद्या परभाषेतील विशेषणाचा अर्थ पाहावयाचा असला म्हणजे आपण शब्दकोश उघडतो, तेथे दिलेला पर्याय उचलतो आणि पुढील वाक्याकडे वळतो. बहुतेक प्रसंगी एवढ्याने काम भागते. परंतु काही विशेषणे अशी असतात की, ज्या व्यवहारात ती उच्चारली जातात तो व्यवहार ध्यानात घेतल्यावाचून त्यांचा अर्थ हाती लागत नाही. जर्मन भाषेतील ‘ट्रॉकन’ हे अशांपैकी एक होय. कोशात त्याचा अर्थ ‘कोरडा, सुका’ असा मिळतो व तो बरोबरही आहे. मात्र तांबड्या वाइनच्या बाटलीवर हाच शब्द छापलेला दिसतो, तेव्हा विचार करणाऱ्या वाचकास प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. द्रवपदार्थ कोरडा कसा असू शकेल?

प्रस्तुत लेखात या एका शब्दाच्या आधाराने जर्मनीतील कोरड्या तांबड्या वाइनचे स्वरूप आणि तिच्यासह घेतले जाणारे अन्नपदार्थ यांचा परामर्श घ्यावयाचा आहे. विषय पाकशास्त्राचा वाटला तरी प्रश्न भाषाशास्त्राचा आहे. प्रतिपाद्य मुद्दा आरंभीच सांगितलेला बरा : ‘ट्रॉकन’ हे नाव एखाद्या द्रव्याचे किंवा गुणाचे नसून संबंधाचे आहे. तो संबंध प्रथम पेल्यात, साखर व आम्ल यांच्यामध्ये असतो आणि त्याची पूर्तता ताटात, वाइन व अन्न यांच्यामध्ये होते.

प्रस्तुत लेखक संशोधनासाठी जर्मनीत असतानाचा एक प्रसंग येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. नेकार नदीच्या काठच्या एका गावी एका वृद्ध दांपत्याने रविवारच्या भोजनास बोलाविले होते. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून लेखकाने दुकानातून तांबड्या वाइनची एक बाटली घेतली. बाटलीवर द्राक्षाच्या वाणाच्या नावाखाली ‘लीप्लिश’ हे विशेषण होते. कोशाप्रमाणे त्याचा अर्थ ‘मनोहर, रमणीय’ असा होता आणि भेट द्यावयाच्या वस्तूस याहून चांगले विशेषण कोणते असणार, असे तेव्हा वाटले. जेवणात हरणाच्या मांसाचा भाजलेला तुकडा व शिजवलेला तांबडा कोबी होता. यजमानांनी बाटली पाहिली, मनापासून आभार मानले आणि ती बाजूस ठेवून स्वतःच्या तळघरातील दुसरी उघडली. लेखकाची जिज्ञासा पाहून मग त्यांनी दोन पेल्यांत दोन्ही वाइन ओतल्या व प्रत्येक घासानंतर एकेकीचा घोट घेण्यास सांगितले. पहिल्याच घोटात कळून चुकले की, ‘लीप्लिश’ म्हणजे मनोहर नव्हे, गोडसर. मांसाच्या घासावर ती वाइन सरबतासारखी लागली. उलट, जेवणापूर्वी आंबट व काहीशी कठोर वाटलेली दुसरी वाइन घासानंतर सौम्य आणि भरीव लागली. त्या बाटलीवर ‘ट्रॉकन’ असे लिहिलेले होते. कोशाने चुकीचे काही सांगितले नव्हते. शब्द कोणत्या मालिकेत बसलेला आहे, एवढेच त्याने सांगितले नव्हते.

२. शब्दाचे क्षेत्र

सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून आपण असे मानीत आलो आहोत की, शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते. जर्मन अभ्यासक योस्ट ट्रीअर यांनी १९३१ मध्ये शब्दक्षेत्राची कल्पना मांडून हाच विचार शब्दसंग्रहास लावून दाखविला. वाइनच्या बाटलीवरील विशेषणे हे अशा शब्दक्षेत्राचे अत्यंत स्वच्छ उदाहरण होय. साध्या, म्हणजे न फेसाळणाऱ्या, वाइनकरिता या क्षेत्रात चार शब्द आहेत : ‘ट्रॉकन’, ‘हाल्पट्रॉकन’ (अर्धकोरडी), ‘लीप्लिश’ आणि ‘झ्यूस’ (गोड). ही मालिका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते व त्या दुसऱ्या टोकास ‘ओली’ नसून ‘गोड’ आहे. दैनंदिन जर्मन भाषेत ‘ट्रॉकन’चा विरुद्धार्थी शब्द ‘नास’, म्हणजे ओला, हा होय. वाइनच्या क्षेत्रात मात्र तो ‘झ्यूस’ आहे. विरोधाचा अक्ष बदलताच अर्थ बदलला. आपल्याकडील अर्थविचाराच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे अभिधा बाधित होऊन लक्षणेने अर्थ घ्यावा लागतो. फ्रेंचमधील ‘सेक’, इटालियनमधील ‘सेक्को’ आणि इंग्रजीतील ‘ड्राय’ या शब्दांतही हाच लक्ष्यार्थ रूढ आहे. तेव्हा ही केवळ जर्मनांची लहर नव्हे.

या शब्दाची अन्य दोन उपयोजने पाहिली म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल. ‘ट्रॉकनबेरेनआउसलेझे’ या नावाची एक अत्यंत दुर्मीळ व मूल्यवान वाइन जर्मनीत होते. नावात आरंभीच ‘ट्रॉकन’ असल्यामुळे ही वाइन कोरडी असावी असा नवख्याचा समज होतो. वस्तुतः ती जर्मनीतील सर्वाधिक गोड वाइनपैकी एक आहे. या समासात ‘ट्रॉकन’ हे वाइनचे विशेषण नसून ‘बेरेन’चे, म्हणजे द्राक्षमण्यांचे, आहे. वेलीवरच सुरकुतून वाळलेले मणी वेचून ती करतात आणि मण्यांतील पाणी आटल्यामुळे साखर एकवटलेली असते. मणी कोरडे, म्हणूनच वाइन गोड, असा हा न्याय आहे. दुसरे उपयोजन माणसाविषयीचे आहे. व्यसनमुक्त झालेल्या मद्यपीस जर्मन भाषेत ‘तो ट्रॉकन आहे’ असे म्हणतात. म्हणजे द्राक्ष ‘ट्रॉकन’ असले तर त्यात पाणी नसते, वाइन ‘ट्रॉकन’ असली तर तिच्यात जाणवण्याइतकी साखर नसते आणि मनुष्य ‘ट्रॉकन’ असला तर त्याच्या आयुष्यात वाइनच नसते. तिन्ही ठिकाणी अभाव समान आहे. कशाचा अभाव, ते मात्र विशेष्य ठरविते.

मराठीने या बाबतीत अधिक बारकावा राखला आहे. ‘वाळलेले’ असे आपण क्रियेच्या परिणामाविषयी म्हणतो, ‘सुके’ असे टिकाऊ अवस्थेविषयी किंवा रस्स्याच्या अभावाविषयी म्हणतो (सुके खोबरे, सुके मटण) आणि ‘कोरडे’ असे ओलाव्याच्या अभावाविषयी म्हणतो (कोरडी विहीर, कोरडी भाकरी). पुढे लक्षणेने ‘कोरडी सहानुभूती’ही येते. जर्मन भाषा जेथे एका शब्दावर निभावते तेथे मराठीत तीन शब्द उभे राहतात. मात्र या तिहींपैकी एकाही शब्दात ‘गोडाचा अभाव’ ही छटा परंपरेने नाही. भाषांतरकाराची अडचण नेमकी येथे आहे.

आणखी एक निरीक्षण नोंदविण्याजोगे आहे. वाइन करण्याच्या उद्योगाचे जर्मन शब्द पुष्कळसे लॅटिनमधून आलेले आहेत : ‘वाइन’ हा ‘व्हीनुम’पासून, ‘मोस्ट’ (द्राक्षांचा ताजा रस) हा ‘मुस्तुम’पासून, ‘केल्टर’ (रस काढण्याचे यंत्र) हा ‘काल्कातोरियुम’पासून, ‘केलर’ (तळघर) हा ‘केल्लारियुम’पासून आणि ‘विन्त्सर’ (द्राक्षबागाईतदार) हा ‘व्हीनितोर’पासून. रोमन लोकांनी ऱ्हाइन व मोझेल नद्यांच्या काठी द्राक्षाची लागवड रुजविली, तिची ही भाषिक साक्ष होय. परंतु चवीचे शब्द पाहिले तर ‘झ्यूस’ (गोड), ‘झाउअर’ (आंबट), ‘हेर्प’ (तुरटसर-कडवट) आणि ‘ट्रॉकन’ हे सारे मूळ जर्मानिक आहेत. हुन्नर परका, जीभ मात्र घरची, असा हा प्रकार आहे.

३. कायद्याने केलेली व्याख्या

भाषेच्या अभ्यासकास विशेष वाटावे असे हे की, ‘ट्रॉकन’ या शब्दाचा अर्थ ग्रॅममध्ये सांगितलेला आहे. द्राक्षरस आंबताना यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. ढोबळमानाने लिटरमागे १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे घनमानाने एक टक्का अल्कोहोल तयार होते. साखर जवळजवळ संपेपर्यंत ही क्रिया चालू दिली तर वाइन कोरडी होते. क्रिया मध्येच थांबविली, किंवा शेवटी न आंबलेला द्राक्षरस मिसळला, तर ती गोडसर राहते. या अवशिष्ट साखरेवरून बाटलीवरचे विशेषण ठरते. जर्मनीत लागू असलेल्या युरोपीय संघाच्या नियमानुसार लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ‘ट्रॉकन’ म्हणविते. मात्र आम्लाचे प्रमाण पुरेसे असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत वाढते. अट अशी की, साखर ही आम्लापेक्षा २ ग्रॅमहून अधिक असता कामा नये. उदाहरणार्थ, एखाद्या वाइनमध्ये लिटरमागे ५ ग्रॅम आम्ल असेल तर ७ ग्रॅम साखरेपर्यंत ती ‘ट्रॉकन’ राहील. आम्ल ७ ग्रॅम असेल तर ९ ग्रॅमपर्यंत राहील. त्यापुढे आम्ल कितीही वाढले तरी सवलत नाही. ‘हाल्पट्रॉकन’ची मर्यादा याच रीतीने १२ ग्रॅमची असून आम्लाच्या आधारे ती १८ पर्यंत जाते. त्यावर ४५ ग्रॅमपर्यंत ‘लीप्लिश’ आणि ४५ पासून पुढे ‘झ्यूस’.

या सूत्राचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. कायद्याने केवळ साखर मोजली असती तर ‘ट्रॉकन’ हे एका परिमाणाचे नाव झाले असते. परंतु जिभेस साखर एकटी कळत नाही. ती आम्लाच्या तुलनेने कळते. लिंबाच्या सरबतात जेवढी साखर खपून जाते तेवढीच साध्या पाण्यात घातली तर ते पाणी अतिगोड लागते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. कायदा करणाऱ्यांनी जिभेचे हे सापेक्षत्व मान्य केले आणि शब्दाची व्याख्या दोन राशींच्या संबंधाने केली.

शब्दक्षेत्र बदलले की परिमाणही कसे बदलते, याचा नमुना फेसाळणाऱ्या वाइनमध्ये, म्हणजे ‘झेक्ट’मध्ये, मिळतो. तेथे ‘ट्रॉकन’ या शब्दाने लिटरमागे १७ ते ३२ ग्रॅम साखर सूचित होते, कारण तेथील मालिकेत ‘ट्रॉकन’च्या अलीकडे ‘एक्स्ट्रा ट्रॉकन’ व ‘ब्रुट’ अशा आणखी कमी साखरेच्या पायऱ्या आहेत. साध्या वाइनमध्ये जी साखर ‘लीप्लिश’ ठरली असती ती झेक्टमध्ये ‘ट्रॉकन’ ठरते. गंमत अशी की, ‘झेक्ट’ हा शब्ददेखील रोमान्स भाषांतील ‘कोरडा’ या अर्थाच्या ‘सेक्को’ शब्दाच्याच कुळातील आहे. ‘झेक्ट ट्रॉकन’ म्हणजे व्युत्पत्तीने ‘कोरडी कोरडी’, आणि चवीने बऱ्यापैकी गोड! मूल्य हे स्थानावरून ठरते, याचे याहून बोलके प्रमाण वर्गात देता येणार नाही.

व्यापारात याशिवाय ‘फाइनहेर्प’ असा एक शब्द आढळतो. त्यास कायद्याने निश्चित मर्यादा घालून दिलेली नाही. ‘अर्धकोरडी’ हे नाव अर्धवटपणा सुचविते म्हणून उत्पादक बहुधा त्याच्याऐवजी हा सुखावह शब्द योजतात.

४. दोन प्रकारचे कोरडेपण

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. तांबडी वाइन प्याल्यावर तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते आणि म्हणून तिला ‘कोरडी’ म्हणत असावेत, असे पुष्कळांना वाटते. हे दोन वेगळे अनुभव आहेत. तांबडी वाइन करताना द्राक्षांचा रस सालींसह आंबवितात. सालींतून रंग येतो, तसेच टॅनिन नावाची द्रव्ये येतात. टॅनिन लाळेतील प्रथिनांशी संयोग पावते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ व गाल खरखरीत लागतात. ही चव नसून एक प्रकारचा स्पर्शच आहे. कच्चे केळे, आवळा, जांभूळ किंवा हिरडा खाल्ल्यावर हाच अनुभव येतो. हिरड्याचा उपयोग कातडी कमाविण्याकडे होतो, तोही त्यातील टॅनिनमुळेच.

या अनुभवासाठी मराठीत ‘तुरट’ हा स्वच्छ, सर्वांच्या बोलण्यातला शब्द आहे. षड्रसांच्या परंपरेत त्यास ‘कषाय’ म्हणून स्वतंत्र स्थान आहे. जर्मन भाषेत मात्र ‘हेर्प’ या शब्दात तुरटपणाबरोबर कडवटपणाही मिसळलेला असतो. कोणी ‘पेल्त्सिश’, म्हणजे ‘लोकरीसारखी’, असे स्पर्शाचे रूपक वापरतो, तर शास्त्रीय लेखनात लॅटिन मूळाचा शब्द योजावा लागतो. म्हणजे एका ठिकाणी मराठीस शब्द अपुरा पडतो, तर दुसऱ्या ठिकाणी जर्मन भाषेस. साखरेच्या अभावाचे कोरडेपण आणि टॅनिनचा तुरटपणा हे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. गोड असून तुरट अशी वाइन असू शकते, आणि कोरडी असून तुरटपणा अगदी थोडा अशीही असू शकते. जर्मनीतील कोरड्या तांबड्या वाइनपैकी पुष्कळ या दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यांच्यासह कोणते अन्न शोभते हे समजण्यास ही गोष्ट पायाभूत आहे.

५. प्रमुख वाण

जर्मनी ही मुख्यतः पांढऱ्या वाइनची भूमी आहे. तेथील द्राक्षक्षेत्राचा सुमारे एकतृतीयांश भाग तांबड्या वाणांखाली आहे. त्यांपैकी चार वाणांचा येथे निर्देश पुरेसा होईल.

पहिला ‘श्पेटबुर्गुंडर’. फ्रान्समध्ये ज्यास ‘पिनो न्वार’ म्हणतात तोच हा वाण. जर्मनीत याची लागवड सुमारे ११,५०० हेक्टरांवर असून फ्रान्स व अमेरिका यांच्या पाठोपाठ या देशाचा क्रम लागतो. बाडेन प्रांतात त्याचे क्षेत्र सर्वांत मोठे आहे. आर नदीचे चिंचोळे खोरे आणि राइनगाऊमधील आस्मान्सहाउझेन ही गावेही त्यासाठी प्रसिद्ध आहेत. नावातील ‘श्पेट’ म्हणजे ‘उशिरा’. लवकर पिकणाऱ्या ‘फ्र्यूबुर्गुंडर’पासून वेगळेपण दाखविण्यासाठी तो आला. ‘बुर्गुंडर’ या उत्तरपदाचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. बुर्गुंड ही जर्मानिक जमात पाचव्या शतकाच्या आरंभी ऱ्हाइनकाठी होती. तेथे तिचा पाडाव झाल्यावर ४४३ मध्ये तिला साव्हॉयच्या परिसरात वसविण्यात आले आणि पुढे तिच्या नावावरून फ्रान्समधील बुर्गोन्य प्रांतास नाव मिळाले. त्या प्रांतातील द्राक्ष जर्मनीत आले ते ‘बुर्गुंडर’ म्हणून. ऱ्हाइनकाठचे नाव अशा रीतीने फ्रान्समार्गे द्राक्षवेलीवरून स्वगृही परतले. या वाइनचा रंग फिकट, तुरटपणा सौम्य, आंबटपणा जाणवण्याजोगा आणि वास चेरीसारख्या फळांचा असतो.

दुसरा ‘लेम्बेर्गर’. ऑस्ट्रियात यास ‘ब्लाउफ्रेंकिश’ म्हणतात. जर्मनीत तो मुख्यत्वे व्यूर्टेम्बेर्गमध्ये होतो. श्पेटबुर्गुंडरपेक्षा रंग गडद आणि तुरटपणा व आंबटपणा दोन्ही अधिक. तिसरा ‘ट्रोलिंगर’, तोही व्यूर्टेम्बेर्गचाच. टिरोल प्रदेशाच्या नावावरून त्याचे नाव आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. ही अतिशय फिकट व हलकी वाइन असून श्वाबेन भागातील लोक ती पाव लिटरच्या, कान असलेल्या पेल्यात पितात. त्या पेल्यास लाडाने ‘फीर्टेले’, म्हणजे ‘पावकी’, असे म्हणतात.

चौथा ‘डोर्नफेल्डर’. हा निसर्गात आढळलेला वाण नव्हे. वाइन्सबेर्ग येथील संस्थेत आउगुस्ट हेरोल्ड यांनी १९५५ मध्ये ‘हेल्फेनश्टाइनर’ व ‘हेरोल्डरेबे’ यांच्या संकरातून तो निर्माण केला. फिकट तांबड्या वाइनना गडद रंग देण्यासाठी तो उपयोगी पडेल, अशी मूळ कल्पना होती. पुढे तो स्वतंत्रपणे लोकप्रिय झाला. एकाच डोर्नफेल्डर द्राक्षापासून केलेल्या ‘ट्रॉकन’ आणि ‘लीप्लिश’ अशा दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी शेजारी मिळतात. म्हणून वाणाचे नाव वाचून थांबणारा ग्राहक फसतो. अर्थाचा भार विशेषणावर असतो.

६. ताटातील संबंध

आता अन्नाकडे वळू. कोरड्या तांबड्या वाइनमध्ये मुख्यतः आम्ल, टॅनिन व अल्कोहोल असते आणि साखर जवळजवळ नसते. अन्नातील प्रत्येक रसाचा यांच्याशी काही निश्चित संबंध येतो.

अन्न गोड असेल तर वाइन अधिक आंबट व कठोर लागते. चहाबरोबर जिलबी खाल्ली की चहा बेचव वाटतो, तद्वतच हे होय. अन्न आंबट असेल तर वाइनचा आंबटपणा उणावल्यासारखा वाटतो. म्हणून आंबट पदार्थाबरोबर मुळातच पुरेसे आम्ल असलेली वाइन हवी, नाही तर ती मिळमिळीत लागते. मीठ तुरटपणा व कडवटपणा यांची धार कमी करते. मांसातील प्रथिने व चरबी यांमुळेही टॅनिनचा खरखरीतपणा निवळतो आणि आम्ल चरबीचा ओशटपणा कापते. मिरचीच्या तिखटपणास मात्र अल्कोहोल व टॅनिन दोन्ही चेतवितात. लाल तिखटाच्या जहाल पदार्थांबरोबर तुरट वाइन जाळ वाढविते, ती त्याचमुळे. माशाविषयी २००९ मध्ये जपानी संशोधकांनी असे दाखविले की, तांबड्या वाइनमधील लोह हे मागाहून येणाऱ्या उग्र मासळी वासाचे एक प्रमुख कारण आहे. ‘माशाबरोबर तांबडी नको’ या जुन्या संकेतास त्यामुळे रासायनिक आधार मिळाला.

या नियमांच्या प्रकाशात जर्मन भोजनातील काही जोड्या पाहू. श्पेटबुर्गुंडर ही तुरटपणाने सौम्य असल्यामुळे नाजूक मांसासही दडपीत नाही. भाजलेले बदक, ११ नोव्हेंबर रोजी सेंट मार्टिनच्या सणाच्या सुमारास खाल्ला जाणारा भाजलेला हंस, हरणाचे मांस आणि रानातील अळंब्यांचे पदार्थ यांच्याबरोबर ती घेतात. बदक व हंस यांच्या मांसात चरबी पुष्कळ असते, ती या वाइनमधील आम्ल तोलून धरते. अळंब्यांच्या मातकट वासाशी जुन्या श्पेटबुर्गुंडरचा वास जुळतो. काळ्या अरण्यातील धुरावलेल्या, खारट हॅमबरोबरही ती शोभते. तेथे काम करते ते मीठ. तुरटपणा कमी असल्याने सामन माशासारख्या स्निग्ध माशाबरोबरही तिचा हलका प्रकार घेणारे आहेत. वर सांगितलेल्या संकेताचा हा अपवाद होय.

लेम्बेर्गरची जोडी श्वाबेनमधील ‘त्स्वीबेलरोस्टब्राटेन’शी, म्हणजे तळलेल्या कांद्यासह वाढल्या जाणाऱ्या गोमांसाच्या भाजलेल्या तुकड्याशी, जमते. येथे मांस भरघोस, चरबी पुरेशी आणि सोबत दाट रस्सा असतो. तेव्हा अधिक तुरट वाइन न डगमगता उभी राहते. ट्रोलिंगर ही सणावाराची नव्हे, रोजची वाइन. मसुराची उसळ, ‘श्पेट्स्ले’ नावाच्या पिठाच्या घरगुती शेवया व सॉसेज असे जे श्वाबेनचे नित्याचे जेवण आहे त्याबरोबर, किंवा संध्याकाळच्या पाव, सॉसेज व चीज यांच्या थंड आहाराबरोबर ती पितात. मसुरात शिरका घालण्याची चाल आहे. त्या आंबटपणास ही हलकी, आंबटसर वाइन अनुरूप ठरते. ती थोडी गार, चौदा अंश सेल्सिअसच्या आसपास देतात. श्पेटबुर्गुंडर सोळा ते अठरा अंशांवर देतात.

‘झाउअरब्राटेन’ या प्रसिद्ध पदार्थाचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. नावाप्रमाणे हे ‘आंबट भाजलेले मांस’. शिरका किंवा वाइन व मसाले यांत मांस कित्येक दिवस मुरवून मग ते मंद शिजवितात. दक्षिणेकडील आंबट झाउअरब्राटेनबरोबर कोरडी डोर्नफेल्डर अथवा लेम्बेर्गर उत्तम लागते. परंतु ऱ्हाइनलँडमध्ये याच पदार्थाच्या रस्स्यात मनुका घालतात आणि तो आंबटगोड होतो. तेथे अतिशय कोरडी वाइन टोचू लागते. अर्धकोरडीची किंवा अधिक फळाळ वाइनची निवड तेथे समर्थनीय ठरते. पदार्थाचे नाव एक, प्रांत दोन आणि योग्य विशेषणेही दोन. वाइनच्या बाटलीवर जे छापले आहे त्याचा अर्थ शेजारच्या वाडग्यातील मनुकांनी बदलावा, हे संबंधाधिष्ठित अर्थाचे उत्तम उदाहरण नव्हे काय?

लेखकाच्या यजमानांच्या टेबलावरील हरणाच्या मांसासही हाच न्याय लागू होतो. त्यासोबत बहुधा ‘प्राइझेलबेरे’ या आंबटगोड तांबड्या फळांचा मुरंबा वाढतात. जाणकार तो बेताने घेतात, कारण मुरंब्याचा प्रत्येक चमचा कोरड्या वाइनला थोडा अधिक आंबट करतो. वसंतातील पांढऱ्या अस्परॅगसबरोबर मात्र तुरट वाइनची चव कडवट व धातूसारखी होते, म्हणून जर्मन लोक तेथे पांढरी कोरडी वाइन पसंत करतात. आणि चेरी व मलईचा गोड केक समोर आला म्हणजे कोरड्या तांबड्या वाइनचे काम संपले, असे समजावे.

७. मराठी पर्यायाचा प्रश्न

शेवटी भाषांतरकाराने काय करावे? बोलताना आपण ‘ड्राय’ हा इंग्रजी शब्दच वापरतो. पण त्याचा अर्थ न समजता तो उसना घेतला तर केवळ अडचण पुढे ढकलली जाते. शिवाय आपल्या व्यवहारात ‘ड्राय डे’ म्हणजे मद्यविक्री बंद असलेला दिवस, असाही अर्थ रूढ आहे. ‘कोरडी वाइन’ हे शब्दशः भाषांतर युरोपीय भाषांच्या लक्षणेशी प्रामाणिक आहे व संज्ञा म्हणून ते स्वीकारण्यास प्रत्यवाय नाही. मात्र प्रथम निर्देशात ‘अगोड’ हा शब्द जोडल्यास वाचकाला विरोधाचा खरा अक्ष कळेल.

मराठीच्या ‘-सर’ या प्रत्ययाचा येथे चांगला उपयोग करता येईल. आंबटसर, गोडसर, तुरटसर अशी पायरीदर्शक रूपे आपल्या भाषेत सहज होतात. त्या दृष्टीने ‘ट्रॉकन’ला ‘कोरडी, अगोड’, ‘हाल्पट्रॉकन’ला ‘किंचित गोडसर’, ‘लीप्लिश’ला ‘गोडसर’ व ‘झ्यूस’ला ‘गोड’ असे पर्याय सुचविता येतात. ‘ट्रॉकनबेरेन’साठी ‘कोरडे’ नको, ‘वेलीवर वाळलेले मणी’ असेच म्हणावे. म्हणजे जर्मन भाषेत होणारा घोटाळा मराठीत मुळातच उद्भवणार नाही. ‘हेर्प’चे भाषांतर प्रत्येक ठिकाणी प्रसंग पाहून ‘तुरट’ किंवा ‘कडवट’ असे करावे.

हे पर्याय अंतिम आहेत असा दावा नाही. कोशातील अर्थ मिळाल्यावर भाषांतरकाराने आणखी दोन प्रश्न विचारावेत, एवढीच सूचना आहे : हा शब्द कोणत्या शब्दांच्या पंक्तीत बसतो, आणि तो उच्चारला जातो तेव्हा ताटात काय वाढलेले असते? लेखकाने त्या रविवारी दुकानात उभे असताना यांपैकी एकही प्रश्न स्वतःस विचारला नव्हता. यजमानांनी दुसरा पेला पुढे सरकविला, तेव्हा दोहोंचे उत्तर एकदमच मिळाले.